ज्यावर खूण नाही

"आतापर्यंत गाडीचं काम कुठं व्हायचं?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं आणि मी म्हणालो, "घरी." ती थांबली. कॉम्प्युटरमध्ये तिला घर हा पर्याय सापडेना. मग तिनं विचारलं, म्हणजे कोण करायचं? "आम्ही दोघं," मी म्हणालो. तिनं मान वर करून माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. काचेचं दार होतं आणि दारापलीकडे क्रेननं ओढत आणलेला माझा जुना ट्रक होता, पुढची चाकं अजून अधांतरी. मुलीनं रकान्यात 'स्वतः' असं लिहिलं, पडदा माझ्याकडे वळवून दाखवला आणि सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. मी सही केली. बावीस वर्षांत ह्या ट्रकबद्दल कुणीही विचारलं तरी माझ्या तोंडून 'आम्ही दोघं' हेच निघायचं, आणि ऐकणारा हसायचा, कारण बायकोला सोबत घेऊन ट्रक दुरुस्त करणारा माणूस त्यानं कधी पाहिलेला नसायचा. ही मुलगी हसली नाही. तिनं नुसतं माझ्या मागे पाहिलं.

बसा म्हणाले म्हणून बसलो. तिथल्या खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीनं जोडलेल्या होत्या, त्यामुळे त्या टोकाचा माणूस पाय हलवायचा आणि ह्या टोकाला मी हलायचो. भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र, त्याच्या डोक्यावर कागदी पेल्यांची चळत. समोर काच आणि काचेपलीकडे वर्कशॉप, इतकं स्वच्छ की माझा विश्वासच बसेना तिथं डिझेलची कामं होतात म्हणून. जमिनीवर एक पिवळी रेघ मारलेली आणि पाटी, की ग्राहकांनी रेघेच्या पुढे येऊ नये. ग्राहक! ज्या जागेला जन्मभर नावं ठेवली तिथंच मी ग्राहक होऊन बसलो होतो. कंपनीच्या वर्कशॉपबद्दल माझं एक ठरलेलं वाक्य होतं. गाडी कंपनीत नेली की दहा कामं काढतात. आरसा बसवायला जावं आणि त्यांनी क्लच, ब्रेक, सायलेन्सर सगळ्याची यादी हातात ठेवावी. त्यापेक्षा आपल्या गाडीचं दुखणं आपल्याला कळतं, आपण पाना उचलावा. हे वाक्य मी ट्रकवाल्यांच्या घोळक्यात म्हणायचो, पाहुण्यांत म्हणायचो, माझ्या मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या तर त्यांनाही ऐकवायचो. त्या वाक्याला माझा आवाज चढायचा. स्वतःच्या हातानं काम करणाऱ्याला एक माज असतो, तो मला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडायचा.

सकाळी पुलाच्या चढावर सिग्नलला थांबलो होतो. दिवा हिरवा झाला, मी क्लच सोडला, इंजिननं दोन आचके दिले आणि गप्प झालं. मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला. आवाजावरूनच मला कळलं होतं की गाडीनं हवा धरली आहे. डिझेलच्या नळीत कुठूनतरी हवा शिरली की इंजिन असंच करतं, आधी चढाला कमी ओढतं, मग एक दिवस बंद पडतं. गेले काही दिवस ते कमी ओढतच होतं आणि मी डिझेललाच नावं ठेवत होतो. काम दहा मिनिटांचं, पण त्याला माणसं दोन लागतात. एकानं बोनेटखाली वाकून नट सैल करून हवा बाहेर जाऊ द्यायची, दुसऱ्यानं वर केबिनमध्ये बसून सेल्फ मारायचा. मी खाली उतरलो, बोनेटच्या खटक्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो. हात पुढे जाईना. वाहतूक पोलीस आला, त्याला वाटलं खटका अडकलाय, तो मदतीला हात घालायला लागला तर मी त्याच्यावर ओरडलो, हात लावू नका म्हणून. तो बिचारा चकित झाला. मग मी मुलीला फोन केला आणि ती एका दमात म्हणाली, बाबा, मी आठ महिने हेच सांगतेय, कंपनीत टाका, तुमचं आता वय झालं. क्रेनही तिनंच पाठवली. वयाचं काही नव्हतं, पण तिला ते कसं सांगणार! आठ महिन्यांत मी बोनेट उघडलेलं नव्हतं. तेल-पाणीसुद्धा पंपावरच्या माणसाला बघायला सांगायचो आणि तो बघेपर्यंत दुसरीकडे तोंड करून उभा राहायचो. बोनेटखाली हिच्या खुणा होत्या.

ही, म्हणजे माझी बायको, लग्नाआधी कपडे शिवण्याच्या कारखान्यात तपासणीला होती. शिवलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा, शिवण ओढून बघायची आणि मग आतल्या बाजूला खडूची एक रेघ. ज्यावर खूण नाही ते झालेलं नाही, असा तिथला कायदा. नोकरी सुटली पण हा कायदा हिनं सोडला नाही. घरातल्या बरण्यांवर, मुलीच्या वह्यांवर, गॅसच्या नळीवर, सगळीकडे हिच्या रेघा. ट्रक घेतला त्याच्या पहिल्याच वर्षी मी एक नट आवळायचा विसरलो आणि आम्ही दोघं भर उन्हात चार तास रस्त्याच्या कडेला बसलो. मी नशिबाला बोल लावत होतो. ही शांतपणे म्हणाली, तुला विसरायला होतं कारण झालेलं आणि न झालेलं दिसायला सारखंच. दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीतला एक तेलकट नट कागदात गुंडाळून ही बाजारात गेली आणि नखांना लावायचा लाल रंग घेऊन आली. दुकानदारानं विचारलं म्हणे, कुठल्या प्रसंगाला हवाय, तर हिनं नट काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, ह्याच्यावर उठून दिसला पाहिजे. तेव्हापासून आमची पद्धत पडली. मी नट हातानं बसवायचा, पान्यानं अर्धा आवळायचा आणि थांबायचं. ही वाकून बघायची आणि म्हणायची, "ओढ." मग मी शेवटचा जोर लावायचा आणि ही नटापासून खालच्या लोखंडापर्यंत ब्रशनं एक बारीक लाल रेघ ओढायची. नट उद्या हलला तर रेघ तुटलेली दिसणार. हिनं ओढ म्हटल्याशिवाय मी शेवटचा जोर लावायचा नाही, हे ठरलेलं होतं. बावीस वर्षांत त्या रंगाच्या कितीतरी बाटल्या संपल्या, पण हिच्या नखांना तो कधी लागला नाही. मी एकदा चेष्टेत म्हणालो होतो, निदान एका नखाला लाव. ही म्हणाली, नखं कुठं आवळलीत तू.

सेल्फ मारायलाही हीच. आमचा ट्रक जुन्या बनावटीचा, नाक पुढे आलेला, त्यामुळे बोनेट वर केलं की खालच्या माणसाला वरचा दिसत नाही आणि वरच्याला खालचा. त्यात इंजिनचा आवाज. म्हणून आम्ही ठोके ठरवले होते. मी चॅसीवर पान्यानं एक ठोका दिला की हिनं सेल्फ मारायचा, दोन दिले की थांबायचं. शेजारी म्हणायचे, तुम्ही नवराबायको बोलत का नाही, सारखी ठोकाठोक करता. आम्हाला त्याचं हसू यायचं. खरंतर त्या ठोक्यांतच आमचं बोलणं चालायचं. मी चिडलो असलो की ठोका जोरात पडायचा आणि ही मुद्दाम अर्धा सेकंद उशीर करायची. मला ते बरोबर कळायचं.

काचेपलीकडे माझा ट्रक आत आणून उभा केला. निळ्या कपड्यातला एक मिस्त्री त्याच्याभोवती फिरला. चाळिशीचा असेल, गळ्यात दोरीला चष्मा. छातीवर नाव शिवलेलं होतं, मी ते वाचलं नाही. त्यानं बोनेट उघडलं. मी टीव्हीकडे बघायला लागलो. टीव्हीवर कुणीतरी भाजी चिरत होतं. कंपनीनं दहा कामं काढली तर काढू देत, असं मी मनाशी म्हणत होतो, आणि तेवढ्यात ते वाक्य मला माझ्या आवाजात ऐकू आलं नाही, हिच्या आवाजात आलं. कारण ते शेवटचं हिनंच म्हटलं होतं. जिन्याच्या वळणावर ही थांबायला लागली होती, ते मी बघत होतो. एक हात कठड्यावर, एक कमरेवर. मी वरून म्हणायचो, काय, लोड जास्त झाला का, आणि ही खालून हात हलवायची की जा पुढे, येते. खोकला तर कितीतरी दिवस होता. मुलगी आली होती तेव्हा तिनं ऐकला आणि म्हणाली, आई, मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवू, सगळ्या तपासण्या करू. ही पोळपाट पुसत होती. माझ्याकडे बघून, अगदी माझी मान, माझा चढलेला आवाज हुबेहूब काढून म्हणाली, "कंपनीत नेलं की दहा कामं काढतात." मुलगी वैतागली. मी हसलो. नुसता हसलो नाही, मला अभिमान वाटला, की बायको असावी तर अशी.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर आणखी एक गोष्ट केली तीही सांगितलेली नाही. इंजिनच्या पोटात काय बिघडलंय ते ऐकायची माझी एक रीत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा, आतला आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्याच संध्याकाळी, मुलगी गेल्यावर, मी तो स्क्रूड्रायव्हर धुऊन आणला आणि हिच्या पाठीला टेकवून मुठीला कान लावला. ही म्हणाली, गार आहे. मी डोळे मिटून खूप वेळ ऐकल्यासारखं केलं आणि म्हणालो, इंजिन झकास आहे, जरा टॅपेट वाजतायत. ही हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि ते थांबेपर्यंत मी तिची पाठ थोपटत होतो. मला खरंच वाटत होतं की मला ऐकू येतं. तिथं, त्या पाठीत, एका बाजूनं हवाच जात नव्हती, हे दोन महिन्यांनी डॉक्टरनी काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. ते काही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की उशीर केलात. अनेकवचनात म्हणाले. मी मान हलवली. ही माझ्या शेजारी बसली होती आणि तिनं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर बोटानं दोनदा ठोकलं. थांब. मी रडायला लागलो होतो, ते तिनं थांबवलं.

काचेपलीकडे मिस्त्री निघून गेला होता आणि आता परत येत होता. त्याच्या हातात नळी होती, नळीला पितळी तोटी. फॉर्मवर शेवटी काहीतरी होतं, इंजिन धुऊन मिळेल, वेगळे पैसे नाहीत, आणि मी न वाचता सही केली होती. ते आधी औषध मारतात, तेल-चिकटा सगळं विरघळतं, मग जोराच्या पाण्यानं धुतात. विरघळेल त्यात तोही विरघळेल, नखांचा रंग तो किती टिकणार. मी उठलो तेव्हा जोडलेल्या सगळ्या खुर्च्या हलल्या आणि त्या टोकाचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. काचेचं दार ढकलून मी पिवळ्या रेघेच्या पलीकडे गेलो. काउंटरवरची मुलगी मागून म्हणत होती, सर, तिकडे नाही, सर. मी जवळजवळ धावलोच, आणि माझ्या वयाचा माणूस धावला की लोक आपोआप थांबतात. मिस्त्रीही थांबला.

"धुवू नका," मी म्हणालो.

तो म्हणाला की धुतल्याशिवाय गळती कुठं आहे ते दिसत नाही, ही पद्धत आहे. मी म्हणालो, गळती नाही, हवा धरली आहे, मला ठाऊक आहे. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं, मग आत इंजिनकडे पाहिलं. मला वाटलं आता हा मला बाहेर काढणार. पण तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्यानं विचारलं की ह्या लाल रेघा कुणाच्या. मी सांगितलं. किती सांगितलं ते आठवत नाही. बहुतेक एवढंच सांगितलं असेल की बायको करायची, कारखान्यात तपासणीला होती. 'करायची' ह्यावरून त्याला काय कळायचं ते कळलं. त्यानं नळी जमिनीवर ठेवली. म्हणाला, आमच्याकडे पांढऱ्या पेननं खूण करतात, आम्हाला शिकवतात तसं, पण निम्मे लोक करत नाहीत. मग तो बोटानं एकेका नटाला हात लावत मोजायला लागला. सहा सिलिंडर, सहा नळ्या, दोन्ही टोकांना नट, म्हणजे बारा. मीही वाकलो. नळ्या बसवल्यापासून सव्वा वर्षानं मी त्या नटांवर वाकलो होतो. रेघा थोड्या काळवंडल्या होत्या पण होत्या, बाराच्या बारा, एकही तुटलेली नाही. चौथ्या नटावर हिचा हात जरा घसरला होता, तिथं रेघेला शेपटी फुटली होती. मला ती शेपटी ओळखीची वाटली आणि डोळे भरून आले. माझी बायको अजून तिथं होती, मला दुसरा शब्द सुचत नाही.

मग मिस्त्री खाली गेला, टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीपाशी. तिथं एक नट असतो. तिथून डिझेल आत ओढलं जातं, त्यामुळे तो सैल असला तरी थेंब बाहेर गळत नाही. उलट हवा आत जाते. म्हणून तो कुणाच्या नजरेत येत नाही. आम्ही तो नेहमी शेवटी आवळायचो. मिस्त्रीनं पान्याशिवाय, नुसत्या दोन बोटांनी तो फिरवला. फिरला.

"हा बघा. ह्याच्यावर खूण नाही."

मी विचारलं, एवढंच? तो म्हणाला, एवढंच, बाकी गाडी ठणठणीत आहे, लवकर आणलीत म्हणून बरं, नाहीतर पंप खराब झाला असता. दहा कामं निघाली नाहीत. एक नट निघाला, आणि लवकर आणलीत असं तो माणूस मला म्हणाला. लवकर. मी बोनेटच्या कडेला धरून उभा राहिलो. त्या नटावर खूण का नाही, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो मी होतो.

सव्वा वर्षापूर्वीची सकाळ. घरामागच्या मोकळ्या जागेत आम्ही नळ्या बदलून बसवत होतो. माल भरायला अकराला पोचायचं होतं आणि साडेनऊ वाजले होते. बारा नट झाले. ओढ, रेघ, ओढ, रेघ. दोन रेघांमध्ये ही जास्त वेळ घेत होती, ते मला टोचत होतं. शेवटचा नट मी अर्धा आवळला आणि थांबलो. ओढ आलंच नाही. मी वर बघितलं तर ही ब्रश हातात धरून बोनेटला टेकली होती. म्हणाली, "जरा बसते." एवढंच म्हणाली. मी म्हणालो, बसायचंच तर वर जाऊन बस, म्हणजे सेल्फ तरी मारता येईल. ही गेली. तिला पायरी चढताना मी पाहिलं नाही, नुसता दार लागल्याचा आवाज ऐकला. तो नट अर्धाच राहिला, कारण ओढ म्हणणारं तोंड वर गेलं होतं आणि माझं डोकं अकरा वाजण्यात होतं. मी हवा काढायला घेतली आणि एक ठोका दिला. सेल्फ वाजला नाही. मला वाटलं, चिडली, मुद्दाम उशीर करतेय. पुन्हा ठोका दिला. मग पान्यानं चॅसी बडवली आणि बोनेटच्या अलीकडून ओरडलो, बहिरी झालीस का. थोड्या वेळानं सेल्फ वाजला. इंजिन लागलं. मी बोनेट आपटून बंद केलं, मडगार्डवरची उघडी बाटली बूच लावून पिशवीत टाकली, हिला खाली उतरवलं आणि निघून गेलो. अकराला पाच कमी असताना पोचलो. त्याचाही मला अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर स्टिअरिंगवर उजव्या बाजूला लाल रंगाचा ठसा, पुसट नाही, चांगला जाड. मी हिला म्हणालो, इथं कशाला सांडलंस. ही म्हणाली, हात हलला. मी नखानं खरवडून बघितला, निघेना, सोडून दिला. पुढं चालवताना अंगठा तिथं यायचा आणि ते खडबडीत लागायचं. आठ महिन्यांपूर्वी ही गेल्यावर मी मुद्दाम अंगठा तिथं ठेवून चालवायला लागलो. पण तो तिथं आला कसा, ह्याचा विचार मी केला नाही, किंवा मनाला करू दिला नाही.

मिस्त्रीनं नट आवळला. आवळताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणेन असं त्याला वाटलं असावं. मला म्हणायचं होतं. तोंड उघडलं पण तो शब्द माझा नव्हता. त्यानं जोर लावला आणि झालं. मग खिशातून पांढरं पेन काढलं. मी नको म्हणालो, ह्याच्यावर नको. त्यानं पेन ठेवून दिलं. मग म्हणाला, आता हवा काढायची, माझा जोडीदार जेवायला गेलाय, तुम्ही वर बसून सेल्फ मारता का?

मी वर चढलो. दार लावलं. बावीस वर्षं ह्याच सीटवर बसलोय, पण बोनेट वर असताना कधीच नाही. समोर काचभर नुसता पत्रा होता. रस्ता नाही, माणूस नाही, आकाश नाही, हिरव्या रंगाचा पत्रा, त्याला मधोमध एक गंजलेला ओरखडा. बावीस वर्षं ही इथं बसून हे बघत होती आणि ठोक्याची वाट बघत होती. मी खाली आहे हे तिला फक्त ठोक्यावरून कळायचं, आणि ती वर कशी आहे हे मला कशावरूनच कळायचं नाही, कारण तिनं ठोकायचं असं आम्ही ठरवलंच नव्हतं. एवढी मोठी चूक बावीस वर्षं आमच्या लक्षात आली नाही. मला तिचं काही ऐकायचं असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"मारा," खालून आवाज आला.

मी चावीवर हात ठेवला. ठोका पडला नव्हता. मला ठाऊक होतं की ह्या माणसाला आमचे ठोके माहीत नाहीत, तो तोंडानंच सांगणार, तरी हात ठोक्यासाठी थांबला. दुसरा हात स्टिअरिंगवर होता आणि अंगठ्याखाली तो लाल ठसा. मी पुढे वाकून बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर टाकून त्यावर डोकं टेकलं. टेकल्यावर माझा उजवा हात बरोबर तिथं आला. त्या हातात ओला ब्रश असता तर तो तिथंच लागला असता. ती चिडली नव्हती. ती मुद्दाम उशीर करत नव्हती. ती ह्या चाकावर डोकं टेकून श्वास गोळा करत होती आणि मी खालून लोखंड बडवत होतो. शेवटच्या नटाची खूण इथं होती. सव्वा वर्ष मी ती हातात धरून गाडी चालवली.

"मारा ना! ऐकू येत नाही का?"

ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं, पण चावी फिरवायला हात उचलत नव्हता. मग खालचा आवाज थांबला. पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, बुटांचा आला, मग गाडी एका बाजूला जराशी कलली, म्हणजे कुणीतरी पायरीवर चढलं होतं. खिडकीत मिस्त्रीचा चेहरा आला. चष्मा गळ्यात लोंबत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

"काका, बरं वाटत नाही का?"

पायऱ्या दोनच होत्या. त्या सकाळी दोन पायऱ्या चढून एवढंच विचारायचं होतं. मी डोकं उचललं नाही.

"जरा बसतो," मी म्हणालो.

"बसा," तो म्हणाला, आणि पायरीवरच उभा राहिला.